शाळेचा दिवस आणि मुलांचे मन : व्यवसायोपचाराचे काम

शाळेच्या दिवसात मूल सतत काहीतरी करत असते. रिक्षातून उतरून दप्तर सांभाळत जिना चढणे, परिपाठाला रांगेत उभे राहणे, फळ्यावरचे वहीत उतरवणे, डबा उघडून मित्राबरोबर खाणे, मधल्या सुट्टीत लंगडीच्या डावात जागा मिळवणे, बाईंनी नाव घेतल्यावर उठून उत्तर देणे, शेवटच्या तासाला पेंग आवरून बसून राहणे. मोठ्यांना यात काही विशेष वाटत नाही. मुलाचे शाळेतले यश, त्याची मैत्री आणि स्वतःबद्दलचे त्याचे मत मात्र याच कृतींतून घडते. त्या त्याला जमाव्यात, त्यांत त्याला इतरांबरोबर भाग घेता यावा आणि त्यातून त्याचे मन निकोप राहावे, यासाठी काम करणारी आरोग्यशाखा म्हणजे व्यवसायोपचार. रोजच्या बोलण्यात तिला ऑक्युपेशनल थेरपी किंवा नुसते ‘ओटी’ म्हणतात. खेळणे, शिकणे, जेवणे, स्वतःचे आवरणे, झोपणे आणि चारचौघांत मिसळणे हे या शाखेच्या दृष्टीने मुलाचे व्यवसाय होत.

पुण्यातल्या बहुतेक पालकांची ओटीशी ओळख शाळा सुटल्यानंतरच्या ‘सेशन’मुळे होते. कुणीतरी बालरोगतज्ज्ञ किंवा शाळेतल्या बाई सुचवतात, मग आठवड्यातून दोन-तीनदा मूल एखाद्या केंद्रात जाते. तिथे झोका असतो, मोठे चेंडू असतात, मणी ओवायचे असतात. यातून मुलाला फायदा होतोही. तरी मुलाची अडचण उभी राहते ती वर्गात, मैदानावर आणि डबा खाताना. मुलाच्या मनाचे हित पाहायचे तर उपचाराचा मोठा भाग तिथेच व्हायला हवा, आणि जगभरात ही शाखा गेली काही दशके त्याच दिशेने चालली आहे.

या शाखेचा उगमच मनाच्या आजारांत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये फिलिप पिनेल आणि त्यांच्या विचाराच्या डॉक्टरांनी मनोरुग्णांना डांबून ठेवण्याऐवजी माणुसकीची वागणूक, नियमित दिनक्रम आणि हाताला काम देण्याचा आग्रह धरला. विसाव्या शतकात त्याला शास्त्राचे रूप आले. १९१७ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी व्यवसायोपचाराची पहिली राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. मनोविकारतज्ज्ञ ॲडॉल्फ मायर यांनी १९२२ मध्ये काम, खेळ, विश्रांती आणि झोप यांचा तोल हा मनःस्वास्थ्याचा पाया असल्याची मांडणी केली. महायुद्धांनंतर जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाची गरज वाढली आणि या शाखेचे लक्ष हात, पाय, सांधे यांकडे अधिक वळले. त्यामुळे आज अनेकांना व्यवसायोपचार म्हणजे फिजिओथेरपीचीच एक उपशाखा वाटते. तो समज बरोबर नाही.

भारतात ही शाखा रुजवण्याचे श्रेय कमला निंबकर यांचे. अमेरिकेत क्वेकर कुटुंबात जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी विवाहानंतर कमला निंबकर झाल्या. त्यांनी अमेरिकेत व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले आणि १९५० मध्ये मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात देशातला पहिला अभ्यासक्रम सुरू केला. १९५२ मध्ये व्यावसायिकांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्यांत भारत होता. पुढे नागपूरलाही शिक्षणाची सोय झाली. कमला निंबकर यांचे नाव एका शाळेशीही जोडले गेले आहे: फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी उभ्या केलेल्या मराठी माध्यमाच्या शाळेचे नाव कमला निंबकर बालभवन. तरीही महाराष्ट्रात व्यवसायोपचार प्रामुख्याने रुग्णालयांतच वाढला. शाळेच्या इमारतीत तो पोचला तो विशेष शाळांमधून. पुण्यात मतिमंद मुलांसाठी काम करणाऱ्या कामायनीसारख्या संस्थांनी हाताला काम देऊन मुलांना स्वावलंबी करण्याची परंपरा फार आधीपासून जपली. सर्वसाधारण शाळांच्या वर्गात मात्र या शाखेचा शिरकाव आजही तुरळकच आहे.

सर्वसाधारण शाळेत तिची गरज का, हे समजायला पुण्यातलाच एक दीर्घ अभ्यास उपयोगी पडतो. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन हजार ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या आणि नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या बाळांचा पाठपुरावा सुरू केला. तो त्यांनी ही मुले अठरा वर्षांची होईपर्यंत चालवला. भारतात असे काम फार थोडे झाले आहे. बाराव्या वर्षी केलेल्या तपासणीत या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक सर्वसाधारण मर्यादेत निघाला, पण पुरेशा वजनाने जन्मलेल्या मुलांपेक्षा कमी. डोळा आणि हात यांचा मेळ कच्चा होता, हालचालींत सफाई कमी होती, लेखनात आणि गणितात अडचणी होत्या. या निष्कर्षांचा शाळेच्या दृष्टीने अर्थ मोठा आहे. या मुलांना कुणी विशेष शाळेत घालणार नव्हते. ती नेहमीच्या वर्गात, नेहमीच्या बाकावर बसली आणि त्यांची अडचण कुणाच्या डोळ्यांवर आली नाही. नवजात शिशूंची काळजी सुधारत गेली तशी पूर्वी न वाचणारी बाळे वाचू लागली. त्यांतली कितीतरी मुले आज शहरातल्या शाळांत शिकत आहेत.

जन्माच्या वेळी सगळे सुरळीत असलेल्या मुलांतही असे प्रश्न दिसतात. हालचालींच्या समन्वयात अडचण असलेली मुले शाळकरी वयात शंभरात पाच-सहा असतात, असे अमेरिकी मनोविकार संघटनेची निदानपुस्तिका सांगते. म्हणजे पन्नासाच्या वर्गात दोन-तीन. बुटाची नाडी बांधायला त्यांना वेळ लागतो, डबा उघडताना भाजी सांडते, चेंडू हातातून निसटतो, कंपासपेटी दिवसातून चारदा खाली पडते. प्रत्येक गोष्ट किरकोळ. पण वर्षानुवर्षे रोज ‘वेंधळा’, ‘ढिला’, ‘लक्ष कुठाय तुझं’ ऐकत राहिल्यावर मूल स्वतःबद्दल तेच मानू लागते. ते खेळायला जात नाही, म्हणून त्याचे मित्र कमी होतात; मित्र कमी म्हणून सराव कमी, आणि सराव कमी म्हणून खेळ आणखी जमेनासा होतो. अशा मुलांत पुढे चिंता आणि उदासी जास्त आढळते, हे कॅनडात आणि इतरत्र झालेल्या संशोधनातून पुढे आले आहे. मनाचा त्रास इथे वेगळ्या दाराने येत नाही. रोजच्या न जमणाऱ्या कृतींतून तो साठत जातो.

लेखनाचेच उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे, कारण प्राथमिक शाळेत मुलाच्या दिवसाचा मोठा हिस्सा लिहिण्यात जातो. तिसरीतल्या मुलाला फळ्यावरून ‘विद्यार्थी’ हा एक शब्द उतरवायचा आहे. आधी फळ्याकडे पाहायचे, शब्द मनात धरायचा, मान खाली करून वहीतली ओळ शोधायची. मग ‘व’ला पहिली वेलांटी, जी उच्चारात नंतर येते पण कागदावर अक्षराच्या आधी बसते. मग ‘द्य’चे जोडाक्षर आणि काना. मग ‘थ’, त्याला दुसरी वेलांटी आणि डोक्यावर रफार. हा रफार उच्चारात ‘थ’च्या आधीचा, पण काढायचा सगळ्यात शेवटी. वर शिरोरेषा. एवढे होईपर्यंत पुढचा शब्द डोक्यातून गेलेला असतो, पुन्हा मान वर. ज्याच्या हाताला हे सवयीने येते तो मजकुराचा अर्थ लक्षात घेत लिहितो. ज्याला प्रत्येक वळण मुद्दाम घडवावे लागते त्याची सगळी शक्ती वळणांतच संपते. बाई फळा पुसतात तेव्हा त्याचे अर्धेच झालेले असते. घरी गेल्यावर वही अपुरी म्हणून बोलणी बसतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात दुखू लागते.

व्यवसायोपचारक अशा मुलाला वर्गात बसलेले पाहतो. पाय जमिनीला टेकतात की लोंबकळतात? बाक त्याच्या छातीपर्यंत येतो का? दुसरा हात वही धरतो की डोके? पेन्सिलीवर जोर इतका आहे का की मागच्या पानावर अक्षर उमटते? खोडरबर किती वेळा लागते? दूरचे नीट दिसते का, की आधी चष्म्याचा नंबर तपासायला हवा? हे शेवटचे राहून गेल्याची उदाहरणे कमी नसतात. त्यानंतरचे उपाय साधे असतात. पायाखाली एखादे खोके किंवा जुन्या पुस्तकांचा गठ्ठा, पुढच्या रांगेत फळ्यासमोर जागा, ठळक रेघांची दुरेघी वही, फळ्यावरच्या मजकुराची छापील प्रत, दहा ओळींऐवजी चार ओळी नीट, उरलेले उत्तर तोंडी. शास्त्र पुढे गेल्याने काही जुने आग्रह सुटलेही आहेत. पेन्सिल एकाच ठरावीक पद्धतीने धरायला लावण्यात अनेक घरांत अजून रडारड होते; वेग आणि वाचनीयता यांच्या अभ्यासांत तीन-चार प्रकारच्या पकडी सारख्याच चालतात असे दिसले आहे. बोटे दुखत नसतील आणि अक्षर वाचता येत असेल तर पकड बदलण्याचा हट्ट सोडणेच बरे.

दुसरा मोठा भाग इंद्रियांचा. अमेरिकेतील जीन एअर्स यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत अशी मांडणी केली, की स्पर्श, तोल आणि स्नायू-सांध्यांकडून येणाऱ्या संवेदना मेंदूत नीट एकत्र बांधल्या गेल्या नाहीत तर शिकणे आणि वागणे दोन्ही बिघडतात. या विषयावरचे त्यांचे पहिले पुस्तक १९७२ चे. त्यांच्या सिद्धांताने आवाजाला दचकणाऱ्या, गर्दीत अस्वस्थ होणाऱ्या, सतत हलत राहणाऱ्या मुलांकडे खोडकर म्हणून पाहण्याची सवय मोडायला मदत केली. पुण्यात हा विषय दर पावसाळ्यात जाणवतो. गणेशोत्सवाच्या आधी दीड-दोन महिने नदीपात्रात आणि मोकळ्या मैदानांवर ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. बहुतेक मुलांना तो हवाहवासा वाटतो, अनेक जण ताल धरून नाचतात. पण आवाज ज्यांना सोसत नाही, विशेषतः काही स्वमग्न मुलांना, त्या आठवड्यांत संध्याकाळ नकोशी होते. झोप बिघडते आणि सकाळी शाळेत ती चिडचिडी होऊन येतात. शाळेच्या स्नेहसंमेलनातले ध्वनिवर्धक, पत्र्याच्या छताखालचा परिपाठ, दुपारची घंटा यांचाही असाच त्रास होतो. आवाज केव्हा होणार हे आधी सांगणे, स्पीकरपासून लांब जागा देणे, थोडा वेळ कानांवर आवरण वापरू देणे, आणि असह्य झाल्यावर शिक्षा न होता पाच मिनिटे बाहेर जाऊन येण्याची मुभा ठेवणे, एवढ्याने अनेकांचा दिवस सावरतो.

मात्र इंद्रियांच्या नावाने बाजारात जे विकले जाते त्या सगळ्याला शास्त्राचा आधार नाही, हे पालकांनी आणि मुख्याध्यापकांनी लक्षात ठेवायला हवे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१२ मध्येच ‘संवेदी प्रक्रिया विकार’ हे स्वतंत्र निदान म्हणून वापरू नये आणि या उपचारांचा पुरावा मर्यादित असल्याचे पालकांना सांगावे, असा सल्ला दिला. ब्रिटनमध्ये स्वमग्न मुलांवर झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले, एअर्स पद्धतीचे उपचार नेहमीच्या सेवेपेक्षा सरस ठरले नाहीत. वजनदार जाकिटांसारख्या साधनांबद्दलही पुरावा कमजोरच आहे. याउलट ज्या पद्धतींत मूल स्वतः ध्येय निवडते आणि तीच कृती, त्याच जागी, टप्प्याटप्प्याने शिकते त्यांना चांगला आधार आहे. कॅनडात हेलेन पोलाटाइको यांनी विकसित केलेल्या पद्धतीत मुलाला चार पायऱ्या शिकवतात: काय साधायचे ते ठरव, कसे करायचे ते योज, करून बघ, आणि जमले का ते तपास. नाडी बांधणे असो, दोरीवरच्या उड्या असोत की वर्गासमोर उभे राहून कविता म्हणणे, उपाय मुलाने स्वतः शोधलेला असतो. मनाच्या दृष्टीने हे फार मोलाचे, कारण जमल्याचे श्रेयही त्याचेच असते. लाखो रुपयांची रंगीत ‘सेन्सरी रूम’ उभारून तिला कुलूप घालणाऱ्या शाळेपेक्षा, एका मुलाला महिनाभरात स्वतःचा डबा स्वतः उघडता येईल असे पाहणारी शाळा या शाखेचे मर्म अधिक जाणते.

शाळेतले काम तीन पातळ्यांवर चालते. पहिली पातळी सगळ्या मुलांसाठी, दुसरी ज्यांच्यात त्रासाची सुरुवातीची चिन्हे दिसतात त्यांच्यासाठी, आणि तिसरी ज्यांना निदान झालेला आजार किंवा अपंगत्व आहे त्यांच्यासाठी. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांना शाळेत व्यवसायोपचार मिळण्याचा मार्ग खुला झाला, पण तो बराच काळ तिसऱ्या पातळीपुरता राहिला. ओहायो राज्यातील सुसान बेझिक यांनी ‘एव्हरी मोमेंट काउंट्स’ या उपक्रमातून तो पहिल्या पातळीवर आणला. त्यांनी निवडलेल्या जागा होत्या शाळेचे भोजनगृह आणि मधली सुट्टी. तिथे देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्यांना शिकवले, की एकटे बसलेले मूल कसे ओळखावे, गप्पा कशा सुरू करून द्याव्यात, खेळात सर्वांना कसे घ्यावे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात चेरिल मिसियुना यांच्या गटाने अशीच दुसरी वाट काढली. त्यांच्या पद्धतीत उपचारक मुलाला वर्गाबाहेर नेत नाही. तो शिक्षकाच्या शेजारी उभा राहून वर्गातच बदल करतो आणि निदानाच्या कागदाची वाट न पाहता मदत सुरू होते.

मराठी शाळेला ही कल्पना परकी वाटू नये. पहिल्या पातळीचे बरेचसे साहित्य तिच्याकडे पूर्वापार आहे. रोजचा परिपाठ म्हणजे दिवसाची ठाम, ओळखीची सुरुवात, आणि चिंताग्रस्त मुलाला अशा ठरलेपणाचा आधार फार असतो. फक्त तो भाषणांनी लांबवू नये. लंगडीत एका पायावर तोल सांभाळावा लागतो, लगोरीत नेम आणि गटाचे डावपेच, डबा ऐसपैसमध्ये लपून वाट पाहण्याचा संयम, सागरगोट्यांत डोळा आणि बोटे यांचा मेळ. भोंडल्यात हात धरून, एका लयीत, हरण्या-जिंकण्याशिवाय फिरायचे असते. खेळात मागे पडणारे मूलही तिथे सहज सामावते. मल्लखांबात शरीराच्या प्रत्येक स्नायूला जोर लावावा लागतो आणि अशा जोरकस हालचालींनंतर अनेक चळवळी मुले शांत होतात, हा शिक्षकांचा जुना अनुभव आहे. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये स्थापन केलेले महाराष्ट्रीय मंडळ किंवा सारसबागेजवळचे गरवारे बालभवन यांनी पुण्यात मुलांच्या शरीराची आणि खेळाची जी कदर केली, ती व्यवसायोपचाराच्या विचाराशी जवळचीच आहे.

उपचारक या खेळांत भर घालतो ती निरीक्षणाची. पेठांतल्या शाळांना मैदान अपुरे असते, दोन अधिवेशने भरतात, मधल्या सुट्टीत जिन्यात आणि ओसरीवर झुंबड उडते. तशा गर्दीत रोज कोण भिंतीला टेकून उभे असते, कोण पाण्याच्या टाकीपाशी वेळ काढते, डाव वाटताना शेवटी कोण उरते, हे तो आठवडाभर टिपतो. मग कप्तानांनी गडी निवडण्याऐवजी चिठ्ठ्यांनी गट पाडायचे, एका कोपऱ्यात सतरंजीवर सापशिडी आणि काचापाणी ठेवायचे, मोठ्या वर्गातल्या दोघांना ‘खेळगडी’ म्हणून जबाबदारी द्यायची. बालवाडीत मटार सोलणे, कणीक मळणे, रांगोळीचे ठिपके जोडणे हीही खरी बोटांची तयारी. मार्च २०२० पासून जवळजवळ दोन वर्षे शाळा बंद होत्या तेव्हा कित्येक मुले बालवाडी न पाहताच पहिलीत आली. रांगेत थांबणे, वस्तू वाटून घेणे, आईपासून काही तास दूर राहणे हे त्यांना वर्गातच शिकावे लागले.

वय वाढते तसे व्यवसाय बदलतात. आठवी-नववीतल्या मुलाला क्लास, गृहपाठ, मोबाइल, प्रवास आणि झोप यांची घडी बसवायची असते. झोप हा व्यवसायोपचाराच्या कक्षेतलाच विषय आहे. लहान मुलांच्या अपुऱ्या झोपेची दखल घेऊन महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. किशोरांना अशी सवलत नाही, आणि त्यांची झोप तर वयानुसार उशिराकडे सरकलेली असते. चौदा वर्षांच्या मुलीबरोबर उपचारक कागदावर तिचा आठवडा मांडतो: शाळा, क्लास, दोन बस, जेवण, अभ्यास, रील्स, झोप. त्यात आवडीने केलेली एकही गोष्ट नसेल तर ती शोधून तिला ठरलेला वार आणि ठरलेली वेळ देणे हा उपचाराचा भाग असतो. दडपणाखाली असलेली मुले आधी चित्र काढणे, पोहणे, मैत्रिणीकडे जाणे सोडतात. ते सोडल्याने मन आणखी खचते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना मनोविकार होता. मनोविकारांपैकी निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षापूर्वी होते असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे आठवी-नववीत केलेली मदत उशिराचीच म्हणावी लागेल.

दहावीच्या परीक्षेचे दडपण पुण्यात घराघरांत असते. राज्य मंडळाचे मुख्यालयही याच शहरात. अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास महाराष्ट्राने १९९६ मध्येच सुरुवात केली. जादा वेळ, लेखनिक, विषयांत काही पर्याय अशा त्या सवलती. त्यांसाठी मान्यताप्राप्त रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. व्यवसायोपचारकाचा अहवाल, विशेषतः लिहिण्याचा वेग आणि हाताला येणारा थकवा यांची मोजणी, अशा तपासणीत उपयोगी पडते. पण प्रमाणपत्र मिळाले म्हणजे काम झाले असे नाही. लेखनिकाला उत्तर सांगणे हे वेगळेच कौशल्य आहे. मनात वाक्य पूर्ण रचून, स्वल्पविरामासकट, दुसऱ्याच्या वेगाने सांगायचे असते. नववीपासून त्याचा सराव न केलेल्या मुलाला परीक्षेच्या दिवशी लेखनिकच नवी अडचण वाटतो.

कायद्याची चौकट बऱ्यापैकी तयार आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यात २१ प्रकारची अपंगत्वे नमूद असून स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार यांचा त्यांत समावेश आहे, आणि सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. या यादीत अवधान-अस्थिरता (एडीएचडी) किंवा हालचालींच्या समन्वयाची अडचण स्वतंत्रपणे नाही. परिणामी नेमकी तीच मुले निकषांच्या बाहेर पडतात, ज्यांना थोड्या मदतीने मोठा फरक पडला असता. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथके अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी करतात आणि गरज असलेल्यांना जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडे पाठवतात. समग्र शिक्षा योजनेखाली विशेष शिक्षक असतात. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शाळांमध्ये समुपदेशक असावेत असे म्हटले आहे. व्यवसायोपचारकाचे स्थायी पद मात्र नेहमीच्या शाळांच्या रचनेत दिसत नाही. उपचारक घडवणारी जुनी सरकारी आणि महापालिकेची महाविद्यालये मुंबई-नागपुरात, आणि शिकून बाहेर पडलेल्यांचा ओढा खासगी केंद्रांकडे वा परदेशाकडे. ज्या घराला सेशनची फी परवडते त्याच्या मुलाला ही मदत मिळते. महापालिकेच्या शाळेतल्या मुलाला बहुधा मिळत नाही. ही विषमता शाळेत सेवा आणल्याखेरीज मिटणारी नाही.

शाळेतल्या इतर मदतनिसांपेक्षा उपचारकाचे काम वेगळे कसे, याबद्दल पालकांचा गोंधळ होतो. समुपदेशक मुलाशी बोलून त्याचे विचार आणि भावना समजून घेतो. विशेष शिक्षक वाचन, लेखन, गणित शिकवण्याच्या पद्धती बदलतो. व्यवसायोपचारक मूल, त्याची कृती आणि ती जिथे घडते ती जागा या तिन्हींचा मेळ पाहतो. शाळेत जायला नकार देणाऱ्या मुलीशी समुपदेशक भीतीबद्दल बोलत असेल, तर उपचारक फाटकापासून वर्गापर्यंतच्या वाटेचे टप्पे पाडेल. पहिल्या आठवड्यात फाटकापर्यंत, मग ग्रंथालयात अर्धा तास, मग चित्रकलेचा एक तास. दोघांनी एकमेकांशी बोलून काम केले तरच ते नीट होते. ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेने १९६२ पासून मानसशास्त्र आणि शिक्षण एकत्र आणले. त्याच धर्तीवर आरोग्य आणि शिक्षण यांची सांगड शहरातल्या इतर शाळांनाही घालता येईल.

पूर्णवेळ उपचारक नेमणे ज्या शाळेला शक्य नाही, तिने जवळच्या चार-पाच शाळांना सोबत घेऊन आठवड्यातून एक दिवस उपचारक बोलावणे शक्य असते. तो दिवस एकेका मुलाला वेगळे बसवण्यात न घालवता वर्ग पाहणे, शिक्षकांशी बोलणे आणि मागच्या आठवड्यात सुचवलेला बदल टिकला की नाही हे पाहणे यांत गेला तर अधिक मुलांना लाभ होतो. पालकांची परवानगी लेखी घ्यावी लागते. मुलाबद्दलची टिपणे शिक्षकांच्या खोलीत टेबलावर पडून राहता कामा नयेत. उपचारकाने पदवी घेतलेली असावी आणि २००२ च्या राज्य कायद्यानुसार स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे त्याची नोंदणी असावी. महिनाभराच्या अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्रावर ‘थेरपिस्ट’ म्हणवणाऱ्यांच्या हाती मूल सोपवू नये.

या शाखेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. मूल स्वतःला इजा करत असेल, मरणाची भाषा बोलत असेल, आठवडे उलटले तरी नीट जेवत-झोपत नसेल, त्याला भास होत असतील किंवा घरी-दारी त्याच्यावर अत्याचार होत असल्याची शंका असेल, तर बैठक बदलून आणि खेळ आखून भागत नाही. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञाकडे तातडीने न्यायचे असते. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येते; अत्याचाराची शंका असेल तर मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ वर आहे. औषध आणि मानसोपचार सुरू झाल्यावर मूल पुन्हा शाळेत येते, तेव्हा व्यवसायोपचारकाचे काम नव्याने सुरू होते: पहिल्या दिवशी किती तास, कुणाशेजारी, कोणता विषय, आणि डबा कुणाबरोबर खायचा, हे मुलाशी आणि बाईंशी बोलून ठरवणे.